पंचगंगा दारात, तरी मे महिन्यात टँकर! घरात, बागेत, शेतात पाणी कसं राखायचं?

रंकाळावेस

मंडळी, वळीव एकदा पडून गेला. मृगाला अजून अवकाश आहे, म्हणून धागा आत्ताच काढतेय. पाऊस लागला की गवंडीही मिळत नाही आणि प्लंबरही.

कोल्हापुरात पाणी वाचवा म्हटलं की लोक हसतात. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी असं सगळं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येऊन आपल्या दारातून जातं. शाहू महाराजांनी राधानगरी धरणाचं काम काढलं, त्या जोरावर अख्खा जिल्हा हिरवा झाला. २०२३च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी ५३ किलोमीटर पाईपमधून शहरात आलं. मग वाचवायचं कशाला?

२०१९चा ऑगस्ट आठवा. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर. बालिंगा, नागदेववाडी, शिंगणापूरचे उपसा पंप पाण्याखाली गेले. चहूकडे पाणी, आणि आपण घागरी घेऊन टँकरमागं धावत होतो. २०२१च्या जुलैत पुन्हा तेच. दोन्ही वेळा आभाळातून धो धो पडणारं पाणी स्लॅबवरून थेट गटारात जात होतं. त्यातलं चार बॅरेल जरी कुणी धरलं असतं तरी शेजारच्या दोन घरांची सोय झाली असती. थेट पाईपलाईन ही मोठी सोय आहे, पण ती विजेवर आणि पंपावर चालते. स्लॅबवरच्या पावसाला दोन्ही लागत नाही.

आमची सोसायटी फुलेवाडी रिंग रोडच्या बाजूला आहे. स्लॅब साधारण ४,००० चौरस फूट. शहरात वर्षाला १,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उडालेलं, सांडलेलं, पहिल्या सरीचं सोडून दिलेलं धरून वीस टक्के वजा केले तरी जवळपास ३ लाख लिटर होतात. १०,००० लिटरचा टँकर धरला तर ३० टँकर. आम्ही उन्हाळ्यात त्याहून कमीच मागवतो.

गेल्या वर्षी काम केलं ते असं. स्लॅबच्या पन्हळ्यांचे पाईप खाली एका आडव्या पाईपला जोडले. त्यावर एक टी (तीन तोंडांचा जोड) बसवून खालच्या तोंडाला झाकण लावलं. हंगामातल्या पहिल्या दोन-तीन सरींना ते झाकण उघडं ठेवायचं, म्हणजे धूळ, पारव्यांची घाण, पालापाचोळा बाहेर जातो. मग झाकण लावलं की पाणी पुढं गाळणीच्या खड्ड्यात. तिथून आधी जमिनीखालच्या टाकीत, टाकी भरली की वरचं बोअरकडे. टाकीतलं पाणी फ्लश, धुणं आणि झाडांना वापरतो. प्यायला नाही.

एक गोष्ट सगळ्यांनी आपापल्या इमारतीत तपासावी. आमच्या बिल्डरनं पुनर्भरणाचा, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायचा, खड्डा केला होता, त्यावर सिमेंटचं झाकण होतं, नकाशावर खूण होती. झाकण उचललं तर आत एकही पाईप आलेला नव्हता! राज्याच्या २०२०च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर पावसाचं पाणी साठवण्याची किंवा मुरवण्याची सोय सक्तीची आहे. तेव्हा नव्या फ्लॅटचा ताबा घेताना किल्लीआधी तो खड्डा उघडून बघा.

तुमच्याकडे काय काय केलंय ते लिहा. घरातलं, बागेतलं, शेतातलं, सगळं चालेल. सरकारी योजनेचा खरोखर उपयोग झाला असेल तर ते तर नक्कीच लिहा.

तांबडापांढरा

वाचनखूण साठवली. २०१९ला आम्ही उत्तरेश्वर पेठेत होतो. गल्लीतली जुनी विहीर होती म्हणून निभावलं. तोपर्यंत तिच्यात निर्माल्य टाकत होते लोक. पुरानंतर तालमीच्या पोरांनी गाळ काढला, वर जाळी बसवली. आता कुणाची टाकायची छाती होत नाही.

भूजल

ताई, काम चांगलं केलंय. मी भूजल खात्यात नोकरी केली, म्हणून बोअरबद्दल थोडं सविस्तर लिहितो. लोक उत्साहात स्लॅबचा पाईप उचलतात आणि सरळ बोअरच्या केसिंगमध्ये (तोंडाच्या पाईपमध्ये) सोडतात.

आपल्या खाली काळा पाषाण आहे, बेसाल्ट. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत. ज्या बोअरला भेगा लागल्या आहेत तेच पाणी घेईल. कोरडा ठणठणीत लागलेला बोअर पाणी देत नाही तसा घेतही नाही. म्हणून खर्चाआधी एक साधी चाचणी करा. टँकरभर स्वच्छ पाणी बोअरमध्ये सोडा आणि दोरीला वजन बांधून पातळी मोजत राहा. झरझर उतरली तर पुनर्भरण करा. तासाभरानंतरही पाणी तोंडाशीच असेल तर तो पैसा टाकीवर घाला.

गाळणी अशी करा. केसिंगभोवती माणूस उभा राहील एवढा खोल खड्डा घ्या. खड्ड्यातल्या केसिंगला बारीक छिद्रं पाडून वर नायलॉनची जाळी दोन-तीन पदर घट्ट गुंडाळा. तळाला मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर बारीक खडी, सगळ्यात वर जाड वाळू. केसिंगचं तोंड टोपणानं बंद, म्हणजे पाणी वाळूतूनच आत जाईल. माझ्या ओळखीत एका ठिकाणी ठेकेदारानं जाळी न लावताच खड्डा बुजवला. पहिल्याच पावसात वाळू आत गेली आणि चालू बोअर बसला. ती जाळी अगदी थोडक्या पैशांत येते. काम चालू असताना स्वतः उभं राहून ती बघा.

पूररेषेतल्या लोकांनी, म्हणजे दुधाळी, शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरचा भाग, पुनर्भरणाच्या पाईपला व्हॉल्व्ह बसवावाच. पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की तो बंद करायचा. नाहीतर गटाराचं पाणी थेट भूगर्भात जाईल आणि ते परत काढता येत नाही. केसिंगही जमिनीपासून चांगली उंच ठेवा. पूर ओसरल्यावर बोअर उपसून, क्लोरीन टाकून मगच वापरा.

विहीर असेल तर बोअरपेक्षा विहिरीचं पुनर्भरण कधीही बरं. आत उतरून साफ करता येते, काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं.

सल्ला हवा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्हा कार्यालय आहे. निरीक्षण विहिरींची पातळी तिथे वर्षातून चार वेळा मोजली जाते. तुमच्या भागातली मे आणि ऑक्टोबरची पातळी विचारा. दोन्हींतला फरक कळला की पावसाळ्यात किती मुरतं आणि उन्हाळ्यापर्यंत किती उपसलं जातं याचा अंदाज येतो.

मंगळवारपेठी

काका, अटल भूजल योजनेतून सोसायटीला काही मिळतं का?

भूजल

नाही. ती योजना राज्यातल्या १३ जिल्ह्यांतल्या निवडक गावांसाठी. आसपासचे सांगली, सातारा, सोलापूर त्यात होते, कोल्हापूर नव्हतं. उपसा हाताबाहेर गेलाय अशा भागांसाठी ती आखली होती. शहरासाठी 'माझी वसुंधरा' जास्त जवळची. २०२० पासून चालू आहे, त्यात शहरांना आणि गावांना गुण मिळतात आणि 'जल' या भागात पावसाचं पाणी साठवणं-मुरवणं धरलं जातं. तुमच्या प्रभागातल्या बागेत, शाळेत, सार्वजनिक विहिरीवर काम व्हावं असं वाटत असेल तर अर्जात हे नाव घालून महापालिकेकडे मागणी करा.

जास्वंद

मी बागेबद्दल लिहिते, कारण नागाळा पार्क, ताराबाई पार्क, रुईकर कॉलनीत सगळ्यात जास्त पाणी बंगल्यांच्या लॉनवर जातं. कडक उन्हाळ्यात लॉनला रोज चौरस मीटरला पाचएक लिटर लागतं. १०० चौरस मीटरचं लॉन म्हणजे रोज ५०० लिटर. शहराच्या पाणीपुरवठ्याचा हिशेब माणशी १३५ लिटर धरून करतात. म्हणजे जवळजवळ चार माणसांचं पाणी गवताला. ते गवत कुणी खात नाही, त्यावर सावली नाही, फुलपाखरू येत नाही.

लॉनच्या जागी मी तगर, कण्हेर, अडुळसा, जास्वंद, कोरफड लावली, कडेला एक बहावा आणि एक ताम्हण. पहिली दोन वर्षं पाणी द्यावं लागतं, नंतर बहाव्याला मे महिन्यातही काही लागत नाही, उलट तेव्हाच तो फुलतो. झाडाखालचा पाला झाडून जाळू नका, तिथेच वीतभर जाड पसरू द्या. पालथ्या हाताची बोटं त्याखाली घालून बघा, भर दुपारी माती गार आणि ओलसर लागते. नव्या रोपाशेजारी बिनझिलईचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरायचं, वर खापरी ठेवायची. मुळं आपली हळूहळू तिकडे वळतात.

आणि अंगणभर पेव्हर ब्लॉक घालणं थांबवा हो! आमच्या रस्त्यावर एकाही बंगल्याला मातीचं अंगण उरलेलं नाही. मग पाऊस पडला की रस्त्याचा ओढा होतो आणि सगळे गटाराच्या नावानं बोटं मोडतात. गाडीच्या दोन चाकांपुरत्या फरशा घाला, मधे माती राहू द्या.

आमच्या आजीकडे मोरीचं पाणी अळवाला आणि केळीला जायचं. आजही करता येतं, फक्त साबण-सोडा जास्त असलेलं पहिलं पाणी सोडून द्यायचं, खळबळलेलं दुसरं-तिसरं पाणी झाडांना.

मिसळ_कट

अळू +१. आमच्या मागच्या दारी बारमाही असतं.

रंकाळावेस

जास्वंद, मडक्याची कल्पना सोसायटीतल्या कुंड्यांनाही चालेल का? लहान बोळकी घेऊन?

जास्वंद

मोठ्या कुंडीत चालतं. लहान कुंडीत नको, मुळांना जागा उरत नाही.

उसाचा_फड

शहरातल्या लोकांचं वाचून बरं वाटलं. पण पाणी खरं जातंय ते आमच्या शिवारात, हे मी शेतकरी असून सांगतो. शिरोळ तालुका.

आमच्याकडं नदीवरनं लिफ्ट, म्हणजे पंपानं उपसा. पाणीपुरवठा संस्थेची आकारणी एकरावर. पाण्याच्या दहा पाळ्या घेतल्या काय आणि कमी घेतल्या काय, पैसे तेवढंच. रात्रीची लाईट आली की मोटर चालू, पाटाला पाणी सोडायचं आणि घरला यायचं. सकाळी बघावं तर सरी भरून पाणी शेजाऱ्याच्या रानात. वाचवणाऱ्याला काहीच मिळत नाही अशी ही रीत हाय, म्हणून कुणी वाचवत नाही. शेतकऱ्याला शिव्या देऊन उपयोग न्हाई, आकारणीची पद्धत बदलायला पाहिजे. मीटर बसवा, पाण्याच्या मापावर पैसे घ्या, आपोआप सरी अर्धी भरायला लागतील.

जास्त पाण्यानं काय झालं ते शिरोळला येऊन बघा. काळी रानं, वर पांढरी मिठं फुटलेली. हातात ढेकूळ घेतलं तर फुटत न्हाई, पायाखाली चिकट. एकेकाळी त्याच रानात ऊस डोक्याच्या वर जायचा. आता तिथं गवत सुदिक नीट येत नाही. शिरोळच्या दत्त कारखान्यानं पुढाकार घेऊन जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकायचं काम केलं, खारं पाणी निचरून ओढ्याला काढलं, तेव्हा काही रानं परत लागवडीखाली आली. पण एकट्या शेतकऱ्याचं ते काम न्हाई, वरचा आणि खालचा दोघं तयार झाल्याशिवाय पाईप पुढं जात नाही.

मी ठिबक केलं. केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेत राज्याचं पूरक अनुदान धरून अल्प आणि अत्यल्प भूधारकाला ८० टक्के, बाकीच्यांना ७५ टक्के मिळतंय. अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर. पूर्वसंमती येईपर्यंत खरेदी करू नका, आधीचं बिल चालत न्हाई. पाणी ४० टक्क्यांच्या आसपास कमी लागतं, खत नळीतनंच जातं, तण कमी. दीडएक वर्षाच्या आडसाली उसाला सगळ्यात फरक दिसला.

आणि पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, जाळू नका. खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात) ते सरीत दाबून घ्या, एक आड एक सरी पाणी द्या. पाळी चार-सहा दिवस लांबते. ह्याला अनुदान लागत न्हाई, पोर्टल लागत न्हाई, कुणाची सही लागत न्हाई.

घाटमाथा

दादा, एकदम मनातलं लिहिलंत. आमचं गाव गगनबावड्याकडं. पावसाळ्यात आमच्याकडे शहराच्या पाचपट पाऊस, आणि एप्रिलमध्ये बायका झऱ्यावर वाटी घेऊन बसतात. डोंगरावर पडलेलं दोन दिवसांत नदीत, नदीतलं तुमच्याकडे पूर होऊन. डोंगरउतारावर समपातळीत चर खणले, ओढ्यावर वनराई बंधारे घातले की झरे महिना-दीड महिना जास्त चालतात. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ओढ्यात रचायची, ऑक्टोबरमध्ये श्रमदानानं एका दिवसात होतो बंधारा. वरती थांबवलेलं पाणी म्हणजे खाली तेवढंच उशिरा पोचणारं पाणी.

उसाचा_फड

बंधाऱ्यावरनं आठवलं. आपल्या नावाचा बंधारा अख्ख्या महाराष्ट्रात गेला, कोल्हापूर पद्धतीचा. पावसाळा संपला की बरगे (आडव्या फळ्या) घालायचे, पुढच्या पावसाळ्याआधी काढायचे. पण आता बऱ्याच ठिकाणी बरगे कुजलेत, फटीतनं पाणी चालूच. आमच्या गावच्या पोरांनी गेल्या वर्षी फटीत माती आन् प्लास्टिक कागद कोंबून गळती बंद केली. ग्रामसभेत नुसता हा एक विषय घ्या: बरगे किती, चांगले किती, आणि घालायचा दिवस कुठला. उशिरा घातले की वाहून गेलेलं पाणी परत येत न्हाई.

राजारामपुरी_८वी

घरातलं कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते.

आमच्या घरात (आणि मला वाटतं निम्म्या कोल्हापुरात) सकाळी नळाला पाणी आलं की आदल्या दिवशीचं 'शिळं' पाणी ओतून देतात. पिंप, हंडा, कळशी, सगळं मोरीत रिकामं करायचं, घासायचं, ताजं भरायचं. सासूबाईंशी मी वाद घातला नाही. झाकलेल्या स्वच्छ भांड्यातलं पाणी एका दिवसात खराब होत नाही, हे त्यांनाही माहीत आहे, पण हाताची सवय. मग एवढंच केलं की मोरीऐवजी ते पाणी एका बादलीत ओतायचं. फरशी त्याच पाण्यानं पुसतो, कुंड्याही त्याच्यावर. आता त्याच मला आठवण करतात.

फिल्टरचं वाया जाणारं पाणी हा दुसरा मोठा वाटा. घरगुती आरओ एक लिटर प्यायचं पाणी देताना साधारण तीन लिटर बाहेर टाकतो. ती नळी सिंकमधून काढून कळशीत सोडा, भांडी विसळायला छान होतं. झाडांना मात्र रोज नको, त्यात क्षार जास्त असतात. आणि पालिकेचं शुद्ध केलेलं नदीचं-धरणाचं पाणी येत असेल तर आरओची गरजच बहुतेक घरांना नसते. साधं गाळून उकळून चालतं.

गच्चीवरच्या टाकीचा बॉल कॉक तपासा. आमच्या चाळीत पहाटे एक टाकी वाहतेच, आणि कुणाची आहे ते बघायला कुणी वर जात नाही. फ्लशची जुनी टाकी एका वेळी १० लिटरच्या वर सोडते, नवी दोन बटणांची ३ आणि ६ लिटर. बदलायची नसेल तर एक लिटरची बाटली वाळूनं भरून आत ठेवा, यंत्राला लागणार नाही अशी.

नवरात्राआधीची धुणी! अख्ख्या घराची अंथरुणं-पांघरुणं आपण धुतो. सप्टेंबरात पाऊस असतोच. ते सगळं धुणं स्लॅबच्या पाण्यात करा. पावसाच्या पाण्यात साबणाला फेसही जास्त येतो आणि खळबळायला पाणी कमी लागतं. रंकाळ्यावर, पंचगंगेच्या घाटावर साबण न्यायची गरज पडत नाही हे वेगळंच.

तांबडापांढरा

बॅरेलला झाकण विसरू नका. डेंग्यूची अळी स्वच्छ साठलेल्या पाण्यातच होते. आठवड्यातून एक दिवस रिकामं करून घासायचं.

विद्यापीठ_रोड

शिवाजी विद्यापीठाचं उदाहरण इथे यायला हवं. ८५३ एकरांचा परिसर, आणि आवारातले तलाव, विहिरी, शेततळी यांच्यावर पाण्याची बरीच गरज भागते. मी तिथे शिकत होतो तेव्हा फिरायला जायची जागा एवढंच वाटायचं. नंतर कळलं की उतारावरचं पाणी ठरवून तळ्यांकडे वळवलेलं आहे. महाविद्यालयांनी, मोठ्या शाळांनी सहल काढून ते बघावं. शहरातली वरुणतीर्थ, कपिलतीर्थ अशी तळी आपण बुजवली, एकाचं मैदान झालं, एकाची मंडई. पाऊस जोराचा झाला की गांधी मैदानात पाणी उभं राहतं, कारण जागा मुळात पाण्याचीच. कळंबा तलाव शहराला पाणी द्यायला एकोणिसाव्या शतकात बांधला. तो आणि राजाराम तलाव अजून आहेत. निदान त्यांच्याकडे येणारे ओढे तरी प्लॉटिंगमध्ये जाऊ देऊ नका. नकाशे नगररचना विभागात मिळतात, हरकतींची मुदत असते, त्या मुदतीत लेखी हरकत द्यायला पाच माणसं पुरतात.

मंगळवारपेठी

रंकाळावेस ताई, एक व्यावहारिक प्रश्न. आमच्या अपार्टमेंटचा स्लॅब १,८०० चौरस फूट आहे आणि खाली येणारे ३ इंची दोनच पाईप. पावसात स्लॅबवर घोटाभर पाणी साठतं. हेच पाईप टाकीला जोडले तर चालतील का? कमिटीतले म्हणतात, आहे त्यावर भागवा.

रंकाळावेस

नाही भागणार. पाणी साठतंय म्हणजे पाईप आत्ताच अपुरे आहेत, त्यात गाळणीचा अडथळा आला की स्लॅब गळायला लागेल. आमच्या प्लंबरनं साधारण ४५० चौरस फुटांना एक ४ इंची पाईप असं धरलं होतं. तुम्हाला चार लागतील. तोंडाला घुमटाकार जाळी बसवा, सपाट जाळीवर पान बसलं की तोंड बंद.

भूजल

बरोबर. आणि टाकीला ओव्हरफ्लोचा पाईप येणाऱ्या पाईपाइतकाच जाड ठेवा. लोक तिथे हमखास एक इंची लावतात.

मंगळवारपेठी

धन्यवाद दोघांना. कमिटीची बैठक रविवारी आहे. ताई, त्याआधी तुमचा खड्डा बघायला दोघं-तिघं आलो तर चालेल का?

रंकाळावेस

या की! शनिवारी सकाळी दहानंतर कधीही. गाळणीची वाळू धुवायला त्याच दिवशी काढणार आहोत, थर उघडे असतील, प्रत्यक्ष बघता येतील. प्लंबरला पण बोलावून ठेवते. येताना स्लॅबचा नकाशा आणि आत्ताचे पाईप कुठे आहेत त्याचे फोटो आणा.